शरणम्माचा सातवा महिना

कळंब, २ फेब्रुवारी १९४४
शरणम्माची पाळी डिसेंबरपासून नाही. दिवस गेले, नक्की. मूल होत नाही म्हणून आई माझ्यासाठी परंड्याच्या नागप्पाची मुलगी बघते आहे. बघू दे. शरणम्मावर सवत येणार नाही. माझा शब्द आहे.
उद्यापासून तिला पूर्ण आराम. जातं बंद, विहीर बंद. सकाळी शिरा, दुपारी पुरण, रात्री दूध-गूळ. गूळ आपल्याच आडतीतला.

२० फेब्रुवारी
शरणम्मा म्हणते, अवो, मागल्या सालीबी अशीच चुकली हुती, तवाबी तुमी लाडूच चारले. जुनं उकरायचं नाही, असं बजावलं.

९ एप्रिल
तिच्या बांगड्या चढेनात. शुभ लक्षण. आई म्हणाली, प्वाट वाढलं ते खरं, पर दंडबी वाढलेत. लेकरू काय दंडात हाय?
 मी दिवसभर अंगणात येरझारा घातल्या.

१४ मे, बार्शी
आईच्या समाधानासाठी लेडी डॉक्टर. तिनं शरणम्माची लघवी निळ्या औषधात उकळली. विटकरी झाली. मग पोट तपासलं. म्हणाली, गर्भ नाही. अंगात साखर आणि चरबी वाढली, म्हणून पाळी चुकते. गोड बंद, कामं सुरू. पाळी सुधारली की मुलाचीही आशा आहे.
मी सांगितलं, आमच्या घरात साखर येतच नाही, गूळ येतो. तिनं चिठ्ठीवर लिहिलं, गूळही बंद.
बार्शी इंग्रजांची. आमच्या निजामाच्या मोगलाईतली पोटं हिला काय कळणार? आईला सांगितलं, सगळं ठीक.

३ जून
शरणम्मा पहाटे दळते. मळ्यापर्यंत चालत जाते. शिऱ्याला हात लावत नाही. पोट उतरलं. मूल पाठीकडे सरकलं असावं.

११ जून
शरणम्मा काही सांगायला आली. अशा दिवसांत बायका हळव्या होतात. आराम कर म्हणालो.

२ जुलै
सातवा लागला. रविवारी डोहाळजेवण. गावाला आवतण. नागप्पाला निरोप पाठवला, मुलगी दुसरीकडे द्या.

९ जुलै
घर बायकांनी भरलं. मी दारात. ओटी घेताना शरणम्मा आईला म्हणाली, अत्ती, म्या गरवार न्हाय. सकाळीच पाळी आली. जूनमधीबी आलती. डॉक्टरीण बोलली तसंच झालं.
शेजारची धुरपदाबाई सूप घेऊन मागं सरली. आई म्हणाली, बस ग, आमच्या लिंगायतांत विटाळ न्हाय. मग शरणम्माला विचारलं, दोन्ही बारी येळेवर? तिनं मान हलवली. आईनंच तिची ओटी भरली. म्हणाली, मग सवत कशाला आणायची? सुनंचं बरं चाललंय, पोरालाच डागदरला दावाया पायजे.
मी बाहेर पंगतीत वाढायला गेलो. शेजारच्या आडतीच्या बसवराजनं विचारलं, कितवा?
सातवा, म्हणालो.