मेंदू दुधाचा नसतो, हे आपण स्वतः येऊन सांगणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र,
ता. पोलादपूर, जि. रायगड

विषय : वाडीवर पुन्हा येऊन आपलेच बोलणे निस्तरणेबाबत.
संदर्भ : आपले मे महिन्यातील शाळेच्या ओट्यावरील भाषण.

महोदय,

मी कापड्याजवळच्या वरच्या वाडीची अंगणवाडी सेविका. पोरांच्या दारूविषयी चार शब्द सांगावेत म्हणून आपणांस मीच बोलावले होते. आपण म्हणालात, विशी उलटेपर्यंत मेंदू घडतच असतो; दारूने आठवणीची व सारासार विचाराची जागा दुखावते. पुढचे कुणी ऐकलेच नाही. माझे दीर भागोजी उठून म्हणाले, "म्हंजी आताचा मेंदू दुधाचा! दातांसारखा ह्यो पडंल नि नवा येल. मग प्यायची ती आताच प्यावी." लोक हसले. आपणही हसलात आणि जीपमध्ये बसलात. तेव्हापासून वाडीत हेच डॉक्टरांचे मत म्हणून चालते.

आमच्याकडे भातलावणी आटोपली की, पहिल्यांदा नांगर धरलेल्या पोराला दारूचा मानाचा पेला देतात. येत्या रविवारी तो मान माझ्या चंदूचा आहे. वय पंधरा, इयत्ता दहावी. घरधनी बिरवाडीला कारखान्यात, त्यामुळे काकांचेच राज्य. शिमग्यापासून ते त्याला 'सराव' देत आहेत. एकदा वाचले की ज्याला पुरायचे, तो आता एकच धडा सकाळ-संध्याकाळ वाचतो आणि पुस्तक मिटले की कोरा. परवा धाकट्या अनुष्काला शाळेतून आणायला गेला आणि छत्री घेऊन एकटाच परतला. पोर वहाळाच्या पुराजवळ भिजत उभी. मी ओरडले, तर त्याने जेवणाचे ताट भिंतीवर फेकले. असा नव्हता हो तो.

तरी विनंती की, रविवारपूर्वी यावे. येणे जमत नसल्यास 'मेंदू एकदाच मिळतो' असे शिक्क्यानिशी लिहून द्यावे. तेही नियमात बसत नसल्यास चंदूला तपासून 'मेंदू अपूर्ण, पेला देऊ नये' असा दाखला द्यावा. तो मी त्याच्या गळ्यात बांधीन. लोक हसले तर हसोत.

घाईचे खरे कारण असे की, काल धडा आठवेना तेव्हा चंदू हसत मला म्हणाला, "रडतेस कशाला गो आये? नवा येल तवा समदा पाठ करीन." भागोजींशी मी भांडेन. पण त्या पोराला 'नवा येत नाही' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तेवढे आपण सांगावे.

आपली नम्र व उतावीळ,
मंजुळा मुरारी मोरे
दि. १४ जुलै २००३