तुझ्यासारखी दिसू लागले तेव्हा

प्रिय ताई,

आज दवाखान्यातून आले आणि तुझ्या फोटोचा हार बदलायचा सोडून तुलाच लिहायला बसले. तुझ्याशी भांडायचं आहे, आणि ते दुसऱ्या कुणापुढे करता येत नाही.

तू गेलीस तेव्हा तुझी ऋतू लहान होती, म्हणून आईबाबांनी मला तुझ्याच घरी दिलं. कळव्याचं घर तुझं, भांडी तुझी, नवराही तुझा. ज्यांना भाऊजी म्हणायचे त्यांचं नाव उखाण्यात घेतलं. आमटी केली की सासूबाई म्हणतात, "थोरलीच्या हाताची चव न्हाई." ऋतू अजून मला मावशीच म्हणते. गेलेल्या माणसावर जळू नये म्हणतात. मी जळले, अगदी पोटभर.

यंदा मी बारीक होत गेले. खोपटला एसटीची वाट बघताना तुझी मैत्रीण भेटली. म्हणाली, "अगं, मला वाटलं तुझी ताईच उभी आहे!" किती सुखावले म्हणून सांगू? घरी येऊन आरशात बघत बसले.

अंगावर सारखं पांढरं जायचं, पाळी पुढेमागे, तोंड आलेलं, बारीक ताप. बायकांचं हे चालायचंच, असंच आपण दोघी आईकडून शिकलो ना? मग कमरेवर नागीण उठली. तोंड शेपटीला मिळू नये म्हणून सासूबाईंनी कडेनं गेरू लावला आणि सहज बोलल्या, "थोरलीलाबी हितंच उठलेली." तेव्हा पहिल्यांदा तुझा हेवा वाटला नाही, भीती वाटली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकेक लक्षण साधं वाटतं, पण अशी सगळी एकत्र दिसली की एचआयव्हीची तपासणी करायलाच हवी. मला निघाला. यांनाही निघाला. "मला ठाऊक नव्हतं," म्हणाले. खरंखोटं तूच जाण. ऋतूला काही नाही, ती सुखरूप आहे. तुला न्यूमोनिया झाला एवढंच सगळे म्हणत राहिले, रक्ताच्या तपासणीचं कुणी बोललंच नाही. तू तरी का गं गप्प सोसलंस? सगळा संसार मला ठेवून गेलीस, हे एवढं तरी सांगायचं होतंस.

गोळ्या रोज घेतल्या तर मी म्हातारी होईन म्हणे. ऐक, एकही चुकवणार नाही. ऋतूच्या लग्नात तुझा फोटो पाटावर असेल आणि आईच्या जागी मी उभी असेन. तिथून बघ, आणि एकदा तरी तू माझ्यावर जळ.

तुझी धाकटी,
सुमी