चारू

मंगळवार, संध्याकाळ. चामोर्शी.

आजचं लिहून टाकते.

मी शिकवते त्या आश्रमशाळेत पोरींना वरण म्हणून पिवळं पाणी वाढतात आणि डाळीची पोती संस्थेच्या सचिवांच्या घरी जातात. हे मी रविवारी जिल्ह्याच्या फेसबुक ग्रुपवर खोट्या नावानं लिहिलं. त्याआधी फोनमध्ये ठावठिकाणा लपवणारं फुकटचं व्हीपीएन टाकलं. वरच्या कोपऱ्यात बारकी चावी दिसायला लागली. वाटलं, कुलूप लागलं, आता मले कोण शोधते?

आज सचिवांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना उभं करून ती पोस्ट वाचली. "वरण कुठलं, नुसतं चारू!" इथं थांबले. "चारू कोण म्हणते इथी?"

चारू म्हणजे आमच्या सिरोंच्याकडचं तेलुगू लोकांचं पातळ, आंबट सार. चामोर्शीत हा शब्द कोणी वापरत नाही. लिहिताना कधी उतरला, कळलंसुद्धा नाही. चावीनं फोन लपवला. बोली कशी लपवणार होते मी?

तेवढ्यात स्वयंपाकीण कुसुमबाई हसून म्हणाल्या, "माह्या तोंडात हाय ना तो शब्द, साहेब! काऊन?"

तो त्यांनी माझ्याकडूनच उचललेला. त्यांच्याकडे तर साधा बटणांचा फोन.

"कोणाकडून तरी लिहून घेतलं असन," सचिव त्यांना म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

जाताना कुसुमबाईंनी मलाच विचारलं, "बाई, मी काही चुकीचं बोलली का जी?"

"नाई," म्हटलं. तेवढंच.

आत्ता फोन पाहिला. चावी तशीच आहे. मी सुरक्षित आहे.