नर्सबाईंना सांगितलेला मुलगा

सिएटल, १२ सप्टेंबर १९९८

ती. आईस,
ऑरिनचा शि. सा. न.

लेफ्सा, तुझ्या त्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, पोचल्या. दोन मोडल्या होत्या, त्या आधी संपवल्या.

विम्याची बत्तीसही पानं वाचली, तळटिपांसकट. नववीत शाळा सुटलेला माणूस बोटींची इंजिनं पुस्तकावरून शिकतो, त्याला हे काय जड! सार असं: अंघोळ, कपडे, जेवण, संडास, लघवी-शौचावर ताबा आणि अंथरुणातून उठणं, यांतल्या दोन गोष्टी तुला एकटीला जमेनाशा झाल्या, की नव्वद दिवसांनंतर घरी बाई ठेवायचा खर्च कंपनी देते. धडधाकट असतानाच ते घेतात, नंतर दारात उभं करत नाहीत. तू त्र्याहत्तरची. तेव्हा ‘मला काय धाड भरलीय’ हे पालुपद यंदा नको. बाबांना तू चौदा महिने एकटीने उचललंस. तुला कोण उचलणार? मी सोळाशे बारा मैलांवर.

तपासायला त्यांची नर्स घरी येईल. सही कर.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
ऑरिन

रोझो, मिनेसोटा, ३ ऑक्टोबर

चि. ऑरिनला अनेक आशीर्वाद.

केली बाबा सही. नर्सबाई येऊन गेल्या. कॉफी दोनदा नको म्हणाल्या, तिसऱ्यांदा घेतली, म्हणजे चांगल्या घरच्या. दहा शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मी नऊ सांगितले आणि दहाव्याला म्हटलं, हा तुम्ही सांगा, सगळं मीच का करू? खूप हसल्या. तास कसा गेला कळलं नाही.

शेजारची आर्डिस म्हणते, विम्यापेक्षा एखादा म्हातारा कर, स्वस्त पडेल. मी म्हटलं, म्हणजे पुन्हा मीच उचलायचं!

काल पहिला बर्फ पडला. तिकडे नुसता पाऊस ना रे?

आठवण ठेव, मी ठेवतेच.
तुझी आई

सिएटल, २४ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न.

कंपनीने अर्ज फेटाळला. नक्कल मला आली. कारण असं: ‘अर्जदार रोजच्या कामांसाठी सोबत राहणाऱ्या मुलावर अवलंबून.’ खाली रकाने आहेत. लाकडं मुलगा फोडतो. बर्फ मुलगा उपसतो. न्हाणीच्या टबात उतरताना मुलगा हात धरतो.

आई, कोणता मुलगा? तुला मी एकटाच आहे.

त्या बाईंनी दुसऱ्याच कुणाचा कागद जोडला असावा. दुरुस्तीचं पत्र तयार केलंय, मुद्देसूद. मी कुठे राहतो, शेवटचा कधी आलो, सगळं तारखेनिशी. खाली फक्त तुझी सही हवी. मुदत साठ दिवसांची आहे, लगेच पाठव.

उत्तराच्या वाटेवर डोळे लावलेला,
ऑरिन

रोझो, ५ नोव्हेंबर

चि. ऑरिनला आशीर्वाद, आणि रागावू नकोस ही विनंती.

कागद माझाच आहे.

त्यांनी विचारलं, लाकडं कोण फोडतं? मीच फोडते म्हणायचं म्हणजे परक्यापुढे बढाई. आपल्यात असं कोण बोलतं? आर्डिसचं नाव घ्यायला गेले आणि तोंडून निघालं, मुलगा. मग ते थांबेचना. बर्फ? मुलगा. टबात पाय घसरत नाही का? छे, तो हात धरतो. संध्याकाळी एकट्याच असता? म्हटलं, नाही हो, सहाला येतो, बूट दारात आपटतो, चुलीवरचं झाकण उचलून बघतो आणि मी ओरडते. त्या लिहीत गेल्या, मी सांगत गेले. तुझे बाबा गेल्यापासून एवढी बोलले नव्हते. नुकसान होतंय हे ध्यानातच आलं नाही.

तुझं पत्र पाच वेळा वाचलं. एकही चूक नाही त्यात. पण त्यावर सही करायची, म्हणजे तू तीन वर्षांत आला नाहीस हे माझ्या हाताने लिहून द्यायचं. पेन घेऊन बसले होते. नाही झालं.

पडलेच तर आर्डिस आहे, चर्चच्या बाया आहेत. पुढचं पुढे. त्या कचेरीतल्या एका फायलीत तू घरी आहेस, ऑरिन. तिथून तरी तुला काढायला लावू नकोस.

तुझी आई