खोलगटातील मातीबाबत

माझी सहधर्मचारिणी, मृदाशास्त्रज्ञ, गवताळ भूमी विभाग, हिला,

(तुझ्या कार्यालयाने तुझ्या नावाआधी 'कै.' लावण्यास सुरुवात केली आहे. परीक्षेला न बसता मिळालेली ही पदवी मला मान्य नाही, म्हणून गाळली आहे.)

पत्राच्या आरंभी प्रकृतीची विचारपूस करावी असा शिष्टाचार आहे. तुझ्या बाबतीत ती कशी करावी, हे ठरवण्यात सकाळ गेली. माझी प्रकृती उत्तम आहे. जेवण वेळेवर होते, झोप लागते. वजन थोडे घटल्याचे दिसते. परंतु घरातील काटा तपासून घेतलेला नसल्यामुळे (वजनमापे निरीक्षक म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाच्या घरी ही परिस्थिती) त्याचे म्हणणे मी ग्राह्य धरत नाही.

पत्रास निमित्त असे. तुझी शिष्या चाळणी (हे नाव तूच ठेवलेस, ती माणसांचे बोलणेसुद्धा चाळूनच घेते) मागच्या आठवड्यात घरी आली होती. तुम्ही कुंपण घालून राखलेला माळ आता नांगराखाली जाणार आहे. त्याआधी मातीचे शेवटचे नमुने घ्यायचे आणि तिथली तुमची खोली रिकामी करायची, तर मोजपट्टीचे टोक धरायला याल का, असे तिने विचारले. मी होकार दिला. माझा हेतू मात्र निराळा होता, आणि तो तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. उताराच्या पायथ्याशी जो खोलगट भाग आहे, जिथे तू मला थर्मास देऊन बसवायचीस आणि "अहो, टेका इथे, इथली माती श्रीमंत आहे" म्हणायचीस, तिथली माती मला वाचवायची होती. बरणीत बंद होऊन तुमच्या नमुन्यांच्या कोठीत गेलेला नमुना माणसे गेल्यानंतरही राहतो. नांगरलेली जमीन तशी राहत नाही.

ही श्रीमंती म्हणजे सेंद्रिय कर्ब, कुजलेल्या मुळापानांचा मातीत उरलेला अंश, एवढे शिक्षण मला लग्नामुळे झाले. माथ्यावर माती पिठासारखी फिकी, कारण वारा-पाणी तिथे काही टिकू देत नाहीत. गवताच्या ठोंबाखाली ती काळीभोर, आणि लगतच्या उघड्या जागेत पुन्हा कंगाल. मेंढ्यांच्या जुन्या पायवाटेवर तर जवळजवळ शून्य. आणि वरून वाहून आलेले सगळे खोलगटात निमूट साठून राहिलेले. एकाच माळावर हातभर अंतराने एवढा भेद सख्ख्या भावंडांतही सापडायचा नाही. शिवाय हे सारे इतके नाजूक, की पिढ्यान्‌पिढ्या साठलेले धन, गवताचे पांघरूण एकदा फाटले की थोड्याच वर्षांत हवेत विरून जाते. तू हे चहा ओतता ओतता सांगायचीस. हल्ली चहा मी एका माणसाचा करायला घेतो. होतो तो दोघांचाच.

मोजपट्टीचे शून्याचे टोक नेहमीप्रमाणे माझ्याकडे होते. पलीकडून चाळणीने "काका, ताणा" म्हटले आणि पट्टी ताणली गेली. एवढ्या अंतरावरून टोपीखालचा चेहरा ओळखू येत नाही. "झालं, सोडा आता" असे ती दोनदा म्हणाली, तरी मी सोडली नाही. (हात आखडला होता, असे मी तिला सांगितले.)

आता तारेच्या कड्याविषयी. नमुना कुठला घ्यायचा हे माणसाने ठरवायचे नाही. पाठ फिरवून कडे डोक्यावरून मागे फेकायचे आणि ते जिथे पडेल तिथे गिरमिट लावून माती काढायची, हा तुझा नियम. फेकण्याचे काम मी आग्रहाने मागून घेतले. वारा, उतार आणि माझा खांदा या तिन्हींचा सखोल विचार करून केलेली पहिली फेक थेट माथ्यावरच्या खडकात गेली. दुसऱ्या फेकीत कडे एका एडक्याच्या शिंगात अडकले. (कळप कुंपणाच्या आत आला होता, नांगर येणार म्हटल्यावर कुंपणाला कोण विचारतो?) एडका ते घेऊन चालू लागला. ही फेक रद्द धरावी, असे मी सुचवले. चाळणी म्हणाली, "बाईंचा नियम काय, काका? कडं थांबेल तिथं. थांबू द्या की त्याला." एडक्याचा तसा विचार दिसत नव्हता. माझा धावण्याचा वेग तुला ठाऊक आहेच. कळपाची मालकीण दगडावर बसून हे पाहत होती. ती म्हणाली, "आजोबा, जनावराला दागिना घालायचा आणि वर परत मागायचा, हे काही बरं दिसत नाही." अखेर एडका पायवाटेच्या मधोमध बसला, आणि आम्ही तिथली मूठभर धूळ यथाविधी गोळा केली.

तिसरी फेक शेवटची होती. कडे खोलगटात आले. गिरमिटातून निघालेली माती काळी, ओलसर होती आणि तिला वास होता. माळावरून परतल्यावर तुझ्या हातांना यायचा, तोच. चाळणीने बरणी भरून बंद केली. कामगिरी पार पडली.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तिकडे मोठे कोण आणि लहान कोण हे मला कळायला मार्ग नाही. तूच पाहून वाटून टाक.

तुझा,
शून्याच्या टोकाकडचा

ता. क. तिसऱ्या फेकीत कडे पडले नाही. मी वळलो, चालत गेलो आणि ते हाताने ठेवले. याहून किरकोळ लबाडीसाठी मी लोकांचे तराजू जप्त केलेले आहेत. चाळणी त्या वेळी आकाश पाहत होती, जरा जास्तच लक्ष देऊन. नंतर तिने विचारले, "काका, कडं पडलं की ठेवलं?" ते तिथे आहे, एवढेच मी म्हणालो. "मग हे आकड्यांत धरता येणार नाही. आणि आकड्यांत नाही ते कोठीत नाही. बाई असत्या तर दोघांनाही फैलावर घेतलं असतं." गाडीत बसल्यावर मात्र तिने बरणी माझ्या मांडीवर ठेवली.

आणखी ता. क. तेव्हा ती माती आता घरी आहे. ओली माती कोंडून ठेवली तर नासते, सावलीत कागदावर पसरून वाळवावी लागते, हे तुझेच सांगणे. ऊन नाही, वारा नाही, कोणाचा पाय पडत नाही, अशी घरात एकच जागा उरली आहे: पलंगाची तुझी बाजू. तिथे पसरली आहे. माळावरची माती उंबऱ्याच्या आत येता कामा नये, ही तुझी ताकीद मी विसरलेलो नाही. हे सगळे पत्र त्या एका परवानगीसाठी आहे. वाळल्यानंतरही तिथेच राहू द्यावी, ही विनंती. झोप लागते असे वर लिहिले आहे. ते कालपासूनचे आहे.

माळावरच्या खोलीतले सामान हलवले. केर काढला. दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या कार्यालयात परत केल्या.