आखूड दोरा

आई, आज दवाखान्यात एका बाईनं माझ्याशी हुज्जत घातली आणि मला तू आठवलीस. रोज आठवतेस असं म्हटलं तर खोटं होईल. मला रुग्ण तपासायचे असतात, मेट्रो गाठायची असते, घरी जाऊन कणीक मळायची असते. पण ही बाई खुर्चीवर एका बाजूनं अंग चोरून बसली, जशी तू कधी कधी स्वयंपाकघरात पाटावर बसायचीस, आणि तिच्या बरगड्या न तपासताच मला सगळं कळलं.

तीन मुलं, पाठोपाठची. चौथं नको म्हणून ती नवऱ्याच्या चोरून आली होती. मी शिकल्याप्रमाणे सांगायला लागले, की दंडात कातडीखाली बसवायची एक बारीक काडी आता मिळते, ती काही वर्षं काम करते आणि जवळजवळ कधीच दगा देत नाही. गर्भपिशवीत बसवायची तांबीही भरवशाची, दहा वर्षं चालते, पण तिचा दोरा पिशवीच्या तोंडातून खाली येतो आणि पाळीत रक्त जरा जास्त जातं. औषधाची तांबी बसवली तर उलट कमी जातं. इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं, आणि एक खेप चुकली की भरवसा गेला. म्हणून काडीच घे, असं मी म्हटलं. तिनं बाही वर केली. दंडावर बोटांचे वळ होते, जुने पिवळे आणि नवे निळे. म्हणाली, "दीदी, हाथ वाला मत लगाओ. मारने से पहले वो हाथ ही पकड़ता है." इंजेक्शननं पाळी थांबू शकते, हे ऐकल्यावर तिनं तेही नाकारलं. पाळी थांबली तर पोट कुणाचं म्हणून मारेल, म्हणाली. आमच्या पुस्तकात या सगळ्या साधनांचा तक्ता आहे, किती बायकांमागे कितींना दिवस जातात ते त्यात नीट दिलेलं आहे. नवऱ्याच्या हाताचा रकाना मात्र त्यात कुणी आखलेला नाही.

तू तांबी बसवलीस ती धाकटी झाल्यावर. बाबांना न विचारता. वरच्या मजल्यावरच्या काकू तेवढ्या तुझ्या विश्वासातल्या, आणि हे सगळं मला त्यांनीच पुष्कळ वर्षांनी सांगितलं. आर. के. पुरमच्या तुम्हा मराठी बायकांची एक खोड होती. घराबाहेर पडलं की तुम्ही वाट्टेल ते मोठ्यानं बोलायचात. भाजीवाल्यासमोर त्याच्याच पोटाची चेष्टा, शेजारणीसमोर तिच्याच सासूची उणीदुणी. दिल्लीत मराठी कुणाला कळतंय, अशी तुमची खात्री. तशाच भर बसमध्ये तू काकूंना म्हणालीस, की तांबी बसवलीय, पण दोरा ह्यांच्या हाताला लागेल अशी धास्ती वाटते. पुढच्या सीटवर बाबांच्याच ऑफिसातला एक माणूस होता, हिंदी बोलणारा, पण अर्धी नोकरी नागपुरात काढलेला. दुसऱ्या दिवशी डबा खाताना तो सगळ्यांसमोर बाबांना म्हणाला, "भाभीजी ने तो ताला लगवा लिया, आपको बताया भी नहीं?" काकूंचे यजमान तिथंच होते. ते सांगायचे की बाबा सगळ्यांबरोबर हसले.

घरी ते हसले नाहीत. तू ओट्यापाशी पोळ्या लाटतेस. बाबा बूटही न काढता आत येतात, तुझी वेणी मनगटाला गुंडाळतात आणि तुझं तोंड ओट्यावर आपटतात. एकदा, मग पुन्हा. तुझा दात परातीतल्या पिठात पडतो. आवाज अजिबात न चढवता ते म्हणतात, "माझ्या घरातलं मला ऑफिसात कळायचं?" मग तुला वेणीला धरून आतल्या खोलीत ओढत नेतात आणि कडी लावतात. मी धाकटीला घेऊन मोरीत उभी आहे. तिचे कान मी दाबून धरलेत, माझे दाबायला हात उरलेले नाहीत. तू एकदाच ओरडलीस, आणि तसा आवाज मी नंतर कुठल्याच बाळंतिणीच्या तोंडून ऐकला नाही. बाबा बाहेर आले, साबणानं नीट हात धुतले आणि म्हणाले, जेवायला वाढ. तू वाढलंस. रक्ताचा ओघळ तुझ्या घोट्यापर्यंत आला होता. खोलीत जमिनीवर तांब्याची तार गुंडाळलेली एक चिमुकली पांढरी वस्तू पडली होती. मला ते तुझं तुटलेलं कानातलं वाटलं, म्हणून मी ते उचलून तुला आणून दिलं.

पुढच्या थंडीत तुला दिवस गेले, आणि त्या बाळंतपणात तू रक्त जाऊन गेलीस, बाळासकट. गावाहून आलेली माणसं म्हणाली, दिल्लीचं पाणी तिला मानवलं नाही. बाबांनी मान डोलावली. मला बाबांचा राग येतो, आई, अजूनही येतो. ते आता नोएडात धाकटीकडे असतात, हात थरथरतात त्यांचे. मी जाते, चहा घेते. ते हात धुवायला उठले की मी बाल्कनीत जाऊन उभी राहते.

त्या बाईला मी तांबीच बसवली आणि दोरा आत, पिशवीच्या तोंडातच कापला. तो असा आखूड असला की कुणाच्याही बोटाला लागत नाही. काढायच्या वेळी जरा त्रास पडतो, चिमटा लागतो, तेही तिला सांगितलं. रक्त जास्त गेलं तर गोळ्या देईन म्हटलं. तिनं एवढंच विचारलं, "फिर वो खुद नहीं निकाल पाएगा?" मी म्हटलं, "नहीं निकाल पाएगा." तेव्हा कुठे तिनं मुठी सोडल्या. ती गेल्यावर मी हात धुतले आणि साबणाची डबी भिंतीवर फेकून मारली. सिस्टर धावत आली. मी म्हटलं, सटकली हातातून.

हे तुला पाठवता येणार नाही, आणि आलं असतं तर पुढचं मी लिहिलं नसतं. माझा नवरा फार चांगला माणूस आहे. घरात आवाज चढवत नाही, मला विचारल्याशिवाय पडदेसुद्धा बदलत नाही. मुलगी झाल्यावर तांबीचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, आणि तो तिला मांडीवर घेऊन दाराबाहेर बसला होता. आत मी माझ्या डॉक्टर मैत्रिणीला म्हटलं, दोरा आखूड काप. तिनं का म्हणून विचारलं नाही, आणि त्याला मी अजून सांगितलेलं नाही.