शनिवारच्या दफनाविषयी

ख्रिस्त आपल्या हयातीतच परत येणार असे मानणाऱ्या मुलीने मृत्युपत्र करावे का? मला याचे उत्तर देता येत नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांत कोणी केले नाही. आई फोनवर म्हणाली, "प्रभू येणार असताना कागद कशाला रंगवतेस, बाळ?" तरी करते.

मी, प्रियांका योना ओहोळ, वय २५, परिचारिका, मूळ राहणार श्रीरामपूर, सध्या जाब्रिया, कुवेत, हे कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. परवा, ११ तारखेला, माझ्या डोक्यातली गाठ काढायची आहे. गाठ डोक्यात असली तरी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. श्रीरामपूरच्या दोन खोल्यांतला माझा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक आई रत्नमाला हिला द्यावी.

२. स्टेथोस्कोप आणि रक्तदाब मोजायचे यंत्र आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दवाखान्याला द्यावे. चालते का ते आधी पाहावे.

३. माझ्यासोबत राहणारी जवेरिया साक्षीदार असल्याने कायद्याने तिला काही देता येत नाही. दोन वर्षे तिच्या शुक्रवारच्या ड्युट्या मी केल्या आणि माझ्या शनिवारच्या तिने. राइस कुकर तरी तिला द्यायचा होता. ती म्हणाली, "नको गं बाई, भात करपवतो तो. तू परत ये आणि तूच खा."

४. माझी निळी वही बाबांचे भाऊ बाळाकाका यांच्या विशाखाला द्यावी. ती बारावीला आहे, वाचेल. अमेरिकेत जन्मलेल्या ख्रिस्ती पंथांचा इतिहास मी त्यात मराठीत उतरवला आहे. १८४४ साली तिथल्या एका शेतकरी उपदेशकाच्या हिशेबावर हजारोंनी विश्वास ठेवला की २२ ऑक्टोबरला ख्रिस्त येणार. काहींनी शेतातले बटाटेही काढले नाहीत. तो आला नाही. त्या निराशेतून सावरलेल्यांपैकी काहींनी शनिवार हा शब्बाथ, म्हणजे सूर्यास्तापर्यंतचा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून पाळायला घेतला. त्यांच्यातून आमची मंडळी झाली. काकांची मंडळीही त्याच देशातली, साठेक वर्षांनंतरची. तिथे पवित्र आत्म्याने भरून, न शिकलेल्या अन्य भाषांत बोलतात आणि आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करतात. त्या दूरच्या देशातल्या दोन घटनांमुळे आमच्या गल्लीत दोन सख्खे भाऊ एकमेकांना चुकलेले समजत राहिले. तरी रविवारी मटण एकत्रच खात.

५. वही मी का लिहिली तेही सांगते. सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात, शुक्रवारी संध्याकाळी बाबा वारले. काकांनी दफन शनिवारी चारला ठरवले. आई चपला घालून दारात उभी होती. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, घरातली पहिली शिकणारी. तिने मला विचारले, "तू शिकलेली, तू सांग. शब्बाथच्या दिवशी जावं का?" मी म्हणाले, "नाही. बाबांनी जन्मभर पाळला तो दिवस. सूर्य मावळल्यावर पुरू." आईने माझे नाव न घेता तेच बाहेर कळवले. काका बाहेरून ओरडले, "वहिनी, या उन्हात सूर्याची वाट बघत माझा भाऊ ठेवू का?" आणि ते घेऊन गेले. आईने चपला काढल्या. आम्ही दोघी घरात बसून राहिलो.

पुढे कुवेतला आल्यावर आमच्या मंडळीच्या पहिल्या लोकांचे जेवढे लिखाण मिळाले तेवढे वाचले. शब्बाथच्या दिवशी दफन करूच नये असा नियम मला कुठे सापडला नाही. शक्य तर टाळावे, एवढेच होते. मी न वाचताच आईला सांगितले होते.

६. म्हणून, मी वारले तर माझा देह श्रीरामपूरला न्यावा आणि पोहोचेल त्याच दिवशी पुरावा, शनिवार असला तरी. आईने कबरेपाशी उभे राहावे. दोन्ही मंडळींच्या पाळकांनी प्रार्थना करावी, थोडक्यात. सगळे थकलेले असतील.

७. या मृत्युपत्राची व्यवस्था बाळाकाकांनी पाहावी. बाबांच्या दफनापासून ते आईशी बोलत नाहीत. "नवऱ्याला माती द्यायला आली नाही," हे त्यांनी गावभर सांगितले, आणि आईने माझे नाव एकदाही पुढे केले नाही. खरे काय ते या कलमात लिहून ठेवायचे, म्हणजे माझ्यामागे त्यांना कळेल, असे मी ठरवले होते. पण मेल्यावर मागितलेल्या माफीला काही उत्तर ऐकावे लागत नाही. तेव्हा काल, शनिवारी, मी त्यांना फोन केला.

"काका, आई निघाली होती. मी अडवलं."

काका म्हणाले, "सहा वर्षं मी वहिनीला शिव्या घालतोय. एका शब्दानं बोलली नाही बाई."

"ती बोलणार नाही."

"तू पोर होतीस गं."

"पण शिकलेली मीच होते, काका."

त्यांनी फोन ठेवला. तासाभराने आईचा आला. काका दारात उभे आहेत, आत या म्हटले तरी येत नाहीत, काय करू, असे विचारत होती. मी म्हणाले, "तूच बाहेर जा."

या कलमातल्या माफीची अंमलबजावणी कोणावरही सोपवलेली नाही. ती काल झाली.

सही: प्रियांका योना ओहोळ
साक्षीदार: १. जवेरिया मुकादम, जाब्रिया (मूळ रत्नागिरी)
२. सुदेश गुरव, अर्दिया (मूळ राजापूर)
दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.
जाब्रिया, कुवेत. रविवार, ९ नोव्हेंबर २०२५